खिशातला कॅमेरा, खांद्यावरचा कॅमेरा

दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या एम. ए.च्या वर्गातली मुले लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्याला निघतात, तेव्हा दर वर्षी कोणीतरी दाराशी उभे राहून तोच प्रश्न विचारते : सर, कॅमेरा कोणता नेऊ? विभागाच्या कपाटात लेन्स बदलता येणारा एक मोठा कॅमेरा आहे. दोन लेन्स, चार्जर, ट्रायपॉड आणि पिशवी धरून तो पाचेक किलोंचा होतो. दुसरीकडे मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशातच आहे. ह्या प्रश्नावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन पक्ष पडले आहेत. हाताशी असतो तोच कॅमेरा उत्तम, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्यासाठी एसटीचे सहा तास खर्ची घालायचे, त्या कामाला पाच किलोंचे ओझे जड वाटू नये. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत असे म्हणून चहा संपवता येतो, आणि मीही बरीच वर्षे तसा संपवत आलो. आता ते जमत नाही. त्याला कारण एक वही आहे.

२०११ साली सांगलीजवळच्या एका घरी मी गेलो होतो. त्या घरातल्या दिवंगत प्राथमिक शिक्षकांनी कृष्णाकाठच्या गावांमधून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. शाईने, ठळक आणि वळणदार अक्षरात लिहिलेल्या. समासात मात्र पेन्सिलीने बारीक टिपणे होती : ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव, माहेर कुठले, आणि क्वचित दुसरीने सांगितलेला पाठभेद. मी खिशातल्या लहान डिजिटल कॅमेऱ्याने सगळी वही पानापानाने टिपून घेतली. संध्याकाळ झाली होती, माजघरात एकच ट्यूबलाइट होती, आणि मी हात कोपरापासून अंगाशी घट्ट धरून एकामागून एक पाने उलटत होतो. कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर सारे लख्ख दिसत होते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ते घर पाण्याखाली गेले आणि वहीचा लगदा झाला. आता जे काही आहे ते माझ्या संगणकावर. शाईतल्या ओव्या जवळजवळ सगळ्या वाचता येतात. पेन्सिलीचा समास वाचता येत नाही. जिथे अक्षरे होती तिथे करड्या रंगाचा एक मऊ पुसटपणा आहे, ओल्या बोटाने फळा पुसावा तसा. ओव्या राहिल्या, त्या सांगणाऱ्या बायका गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड काम उभे केले, त्यात प्रत्येक ओवीशी गाणारीचे नाव आणि गाव जोडलेले आहे. हे ज्यांना माहीत आहे, त्यांना माझ्या हातून काय निसटले ते वेगळे सांगायला नको.

दोष कुठे होता? पिक्सेलांची उणीव नव्हती. वहीचे वीस सेंटिमीटर उंचीचे पान चार हजार पिक्सेलांत बसले की मिलिमीटरला वीस बिंदू मिळतात, आणि पेन्सिलीच्या रेषेला तेवढे पुरेत. कमी पडला तो प्रकाश. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान, म्हणजे जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढा होता. लेन्सच्या छिद्राचे प्रमाण आणि वेळ तीच ठेवली, तर गोळा होणारा प्रकाश क्षेत्रफळाच्या हिशेबाने ठरतो. प्रकाश चौपट झाला की चित्राचा नितळपणा दुप्पट होतो. कमी प्रकाशात अशा लहान सेन्सरवर रवा उठतो आणि तो झाकण्यासाठी कॅमेरा स्वतःच चित्रावर हात फिरवतो. काळ्या शाईची रेघ त्या हाताखाली टिकते. पेन्सिलीची करडी रेघ आणि कागदावरचा रवा ह्यांतला फरक त्याला कळत नाही, तो दोन्ही सारखेच पुसतो.

इथवर वाचून दुसऱ्या पक्षाची मंडळी सुखावली असतील. पण मी मोठा कॅमेरा का नेला नव्हता, तेही सांगायला हवे. त्या घरी आधी कोणीतरी दिवे, छत्र्या आणि भलामोठा कॅमेरा घेऊन येऊन गेले होते. त्यांनी देवघराची मांडामांड बदलली होती आणि घरच्यांना दिवसभर ओसरीत बसवून ठेवले होते. फोनवर काकूंनी मला पहिलीच अट घातली, "वही बघा, पण तो सरंजाम नको हो घेऊन येऊ." मी खिशातून कॅमेरा काढला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "एवढासाच होय? मग काढा." थोडक्यात, तो कॅमेरा लहान होता म्हणूनच माजघरात पोचला, आणि लहान होता म्हणूनच तिथून अर्धेमुर्धे घेऊन परतला. कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत किंवा परीक्षणांत वजन आणि चित्राची प्रत हे एकाच तराजूचे दोन गुण म्हणून मांडलेले असतात. प्रत्यक्षात वजन हे चित्र काढण्याआधीचे प्रकरण असते. ते तुम्हाला कुठल्या खोलीत येऊ देतात, ह्याचे.

हा पेच जुनाच आहे. वेट्झलार येथील लाइत्स कारखान्यातल्या ऑस्कर बारनाकला दमा होता. डोंगरात फिरताना काचेच्या तबकड्यांचा अवजड कॅमेरा वाहणे त्याला झेपेना. सिनेमाची फिल्म आडवी वापरून, तिच्या दोन चौकटी जोडून त्याने २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट बनवली, आणि त्यातून १९२५ साली लायका बाजारात आला. त्या काळच्या व्यावसायिकांना तो खेळण्यासारखा वाटला, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. आठ बाय दहा इंची निगेटिव्हचे क्षेत्रफळ त्या चौकटीच्या जवळजवळ साठपट भरते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ह्या संदर्भात वॉकर एव्हान्सकडे जरूर पाहावे. १९३६ च्या उन्हाळ्यात तो लेखक जेम्स एजीबरोबर अलाबामातल्या कुळवाडी कापूस-शेतकऱ्यांच्या घरी गेला. त्यातून १९४१ साली 'लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन' हे पुस्तक झाले. त्यातली गाजलेली चित्रे त्याने आठ बाय दहाच्या, तिपाईवर उभ्या करायच्या कॅमेऱ्याने काढली. काळ्या कापडात डोके खुपसून, समोरच्याला थांबायला सांगून. फळ्यांच्या भिंतीशी उभी असलेली ती शेतकरीण आपल्याकडे सरळ पाहते, कारण तिला ठाऊक आहे की हे चालले आहे आणि त्याला वेळ लागणार आहे. लाकडाच्या रेषा आणि तिच्या कपाळावरच्या रेषा सारख्याच स्पष्ट आहेत. हाच एव्हान्स १९३८ नंतर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत पस्तीस मिलिमीटरचा कॉन्टॅक्स कोटाखाली दडवून बसला. चकाकणारे भाग काळे रंगवलेले, बटनांच्या फटीतून डोकावणारी लेन्स, बाहीतून हातात आलेली कळ. समोरच्या बाकावरच्या प्रवाशांना काही पत्ता नाही. चेहरे उघडे, थकलेले, आपल्यातच हरवलेले. चित्रे भरड आणि अंधारी आहेत. त्यांचे पुस्तक व्हायला १९६६ साल उजाडले.

एकाच माणसाने दोन्ही यंत्रे वापरली, त्यामुळे हा केवळ स्वभावाचा प्रश्न राहत नाही. मोठा कॅमेरा परवानगी मागतो. त्याला दुसरा मार्गच नसतो. लहान कॅमेरा परवानगीशिवाय काम उरकू शकतो, आणि ह्या सवलतीची सवय फार लवकर लागते. एजी त्या पुस्तकात आपल्याच हेरगिरीच्या अपराधी जाणिवेशी पानोपानी झगडतो. त्याच्यापाशी वही-पेन्सिल होती, म्हणजे साऱ्यांत लहान आणि हलके यंत्र. मला हा योगायोग वाटत नाही. (आमच्या मुलांचे मोबाइल पाहताना मला पुष्कळदा एव्हान्सचा तो कोट आठवतो.)

ह्याची दुसरी बाजू आपल्याकडची. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइटने चरख्यापाशी बसलेल्या गांधींचे ते सुप्रसिद्ध छायाचित्र घेतले, तेव्हा तिला आधी सूत कातायला शिकावे लागले होते आणि फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची मुभा होती. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने चित्र दिले. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर चढून नेहरू जमावाला गांधीजी गेल्याचे सांगत होते. ते चित्र हेन्री कार्तिए-ब्रेसाँने लायकाने घेतले, फ्लॅश न लावता. कुठल्याही छायाचित्रण-मंडळाच्या स्पर्धेत ते पहिल्याच फेरीत बाद होईल. दिव्याचा झोत पांढरा फुटला आहे, कडा हललेल्या आहेत आणि अंधारात रवा आहे. तरी त्या रात्रीचे त्याहून चांगले चित्र मला कल्पनेतही रचता येत नाही. त्याच दिल्लीत होमाई व्यारावाला साडी नेसून, सायकलवरून स्पीड ग्राफिकसारखा धूड कॅमेरा वाहून नेत होत्या. तेव्हा वजनाचे निमित्त सांगून मागे हटणाऱ्यांनी त्यांचीही आठवण ठेवावी.

आता बहुगुणीपणाविषयी दोन शब्द, कारण मोठ्या कॅमेऱ्याचा कैवार बहुधा ह्याच मुद्द्यावर घेतला जातो. लेन्स बदलता येते, तेव्हा पक्ष्यापासून पोथीपर्यंत सारे त्यात येते म्हणे. येतेही. पण ही शक्यता त्या पिशवीत असते आणि पिशवी पुष्कळदा लॉजवरच राहते. माझ्या पाहण्यातल्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या निम्म्या मालकांनी मूळची लेन्स कधी काढलेली नाही. २००८ पासून पॅनासॉनिक आणि ऑलिंपस ह्यांनी आरसा काढून टाकलेले आटोपशीर कॅमेरे आणले. त्यांचा सेन्सर पस्तीस मिलिमीटर चौकटीच्या सुमारे पाव क्षेत्रफळाचा, आणि तडजोड म्हणून तो मला पटतो. मात्र आरसा काढून कॅमेऱ्याचे अंग सडसडीत करता येते, लेन्सचे नाही. सेन्सर मोठा हवा तर तेवढीच चौकट दिसायला लेन्सही लांब लागते. तिथे सूट मिळत नाही.

मोबाइलचे काय, असे कोणी विचारीलच. आजच्या चांगल्या मोबाइलने २०११ च्या माझ्या कॅमेऱ्याला केव्हाच मागे टाकले आहे. तो एका कळीसरशी अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो आणि लहान सेन्सरची उणीव बरीचशी भरून काढतो. माझी भीती निराळी आहे. जिथे त्याला दिसत नाही, तिथे तो अंदाज करून रेघ ठळक करतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल ह्या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की, काही झेरॉक्स यंत्रे कागद स्कॅन करताना ६ च्या जागी ८ छापत होती. जागा वाचवण्यासाठी एकसारखे दिसणारे तुकडे ती एकमेकांच्या जागी बसवत, आणि आकडा चुकीचा असला तरी कोरीव दिसे. ते तंत्र वेगळे होते, पण धोका त्याच जातीचा आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याने ह्यावर थोडे थांबावे. पुसट अक्षर पुसट दिसले तर संपादक सावध होतो. घ चा ध करून तो रेखीव दाखवणारा लेखनिक आपण पोथ्यांमध्ये पुष्कळदा पकडला आहे. तोच आता खिशात येऊन बसला आहे.

मी आता मुलांना जे सांगतो ते कोणत्याच पक्षाला आवडत नाही. पहिल्या खेपेला फक्त मोबाइल न्या, आणि तोही खिशातच ठेवा. बोला, चहा घ्या, वही कुठे आहे ते पाहा. विचारून माणसांचे एखादे चित्र घ्या. हललेले आले तरी चालेल. दुसऱ्या खेपेला, घरच्यांना आधी कळवून, मोठा कॅमेरा न्या आणि त्याहून अगत्याने ट्रायपॉड न्या. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी माझा लहानसा कॅमेरा तिपाईवर असता आणि मी सकाळी खिडकीशी बसलो असतो, तर कमी संवेदनशीलतेवर, अर्धा सेकंद उघडा ठेवून त्यानेही समास वाचनीय दिला असता. पण खिशातला कॅमेरा घेऊन निघालेला माणूस तिपाई नेत नाही. ती नेणार असता तर त्याने खिशातला कॅमेरा नेलाच नसता. पेन्सिलीच्या मजकुरावर प्रकाश एका बाजूने तिरपा पडू द्या, म्हणजे शिसाची चमक लेन्समध्ये येत नाही आणि कागदावर उमटलेला दाबही दिसतो. मागच्या पडद्यावर विसंबू नका, चित्र मोठे करून समास वाचून पाहा, मगच पान उलटा.

विद्यापीठाचा प्रवासखर्च एकाच खेपेचा मिळतो, हे मला ठाऊक आहे. एकच खेप शक्य असेल तर कागदासाठी मोठा कॅमेरा न्यावा असेच मी म्हणेन, आणि दारातूनच परत पाठवले जाण्याचा धोका पत्करावा. ह्यावर माझे सहकारी म्हणतात की परत पाठवले तर हाती काहीच राहणार नाही, आणि निदान तुमच्या त्या ओव्या तरी उरल्या की. ह्याला माझ्यापाशी उत्तर नाही. गेल्या वर्षी वर्गात मी सत्ताविसावे पान पडद्यावर मोठे करून दाखवले. समासातले नाव अर्ध्या मुलांनी गंगू वाचले, उरलेल्यांनी मंगू. गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरे 'वाडी' असावीत, ह्यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले.