पडीतला हिवर

‘झाडाखाली गवत येत नाही.’ माणदेशात कुठल्याही पारावर बसून चराईच्या रानात झाडं राखायचा विषय काढा, पहिलं उत्तर हेच मिळतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. चिंचेखाली, वडाखाली गवत धरत नाही हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्या दोन झाडांवरून तो सगळ्या झाडांचा निवाडा करून टाकतो, आणि त्या निवाड्यानं बांधावरचे, पडीतले हिवर आणि बाभळी सरपणाला गेल्या.

हिवराखाली भर दुपारी उभं राहून पाहा. पांढुरकी साल, छत्रीसारखा पसारा, आणि पानं इतकी बारीक की ऊन चाळणीतून गाळल्यासारखं खाली येतं. आमच्या पडीत असा एक आहे. भाद्रपदात उघड्या रानातलं गवत त्याच्याखालच्या गवतापेक्षा वीतभर उंच असतं, हे मी मान्य करतो. पण कार्तिक सरता सरता रान पिवळं पडतं, कुसळीची कुसळं जनावरांच्या तोंडाला टोचू लागतात, आणि हिवराखालच्या मारवेलीच्या बुडख्यात अजून हिरवा कोंब असतो. दुपारभर गुरं तिथंच बसून रवंथ करतात, त्यांचं शेणमूत तिथंच पडतं, सावलीनं ओल उशिरा उडते. शिवाय हिवर आणि बाभूळ दोन्ही शेंगवर्गातली झाडं, मुळांवाटे नत्र धरणारी.

तेव्हा वाद गवताचा नाहीच, ते कुठल्या महिन्यात मोजायचं याचा आहे. चार-पाच एकरवाल्याचं जनावर भाद्रपदात उपाशी मरत नाही. त्याची ओढ लागते फाल्गुनापासून मृगापर्यंत. गंजीतला कडबा तळाला गेलेला, विकतची वैरण हात लावू देत नाही. 2012-13 आणि 2019 च्या दुष्काळात आमच्याकडची गुरं छावण्यांच्या दावणीला उभी होती, ती याच दिवसांत. आणि नेमक्या याच दिवसांत बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा वाळून खाली पडतात. पाणी घालावं लागत नाही, कापायला मजूर लागत नाही. गाय मान खाली घालते आणि शेंग कुडुम करून मोडते, तो आवाज उन्हाळ्यातल्या सुन्या रानात लांबपर्यंत ऐकू येतो. बाभळीच्या शेंगेत तुरटपणा असतो, नुसत्या त्यावरच जनावर ठेवलं तर कोठा धरतो. कडब्याच्या जोडीला दिली तर ती पोषक वैरण आहे.

‘रोप लावलं की गुरंच खातात’ हा दुसरा आक्षेप. खातात. म्हणूनच मी म्हणतो, लावण्याचा हट्ट सोडा आणि उगवलेलं राखा. रानात मेंढरं बसवली की धनगर खताबरोबर बाभळीचं बीही टाकून जातो. मेंढराच्या पोटातून आलेल्या बियांचं टणक कवच मऊ झालेलं असतं, त्या सहज रुजतात. नांगरताना त्यातली एकरी आठ-दहा सोडा, भोवती बोराट्या रोवा, पुढं खालच्या फांद्या छाटत जा. त्यातही सरळ वर जाणारी रामकाठी बाभूळ मिळाली तर पिकाच्या बांधालाही तिची अडचण होत नाही.

‘मग लवकर वाढणारं लावू’ असं सांगणारे भेटतात. सुबाभळीचा पाला पौष्टिक आहे, पण त्यात मिमोसिन असतं, फार दिला तर जनावराचे केस झडतात. वेडी बाभूळ तर विचारूच नका. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ रानात 1961 च्या सुमारास ती मुद्दाम लावली गेली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं, आणि पशुपालकांची गवताची रानं तिच्या काट्यांखाली गेली.

एका आक्षेपापुढं मात्र मी मान तुकवतो. माळ ही पडीक जमीन नाही, माळढोकाचं आणि लांडग्याचं ते घर आहे, तिथं झाडांच्या रांगा लावणं म्हणजे माळ मारणं, असं अभ्यासक सांगतात. खरं आहे. गायरानात, माळावर खड्डे खणायच्या मोहिमा मलाही नकोत. मी बोलतोय ते ज्याच्या त्याच्या मालकीच्या पडीबद्दल, तेही तुरळक झाडांबद्दल.

‘झाड वाढलं की तोडता येत नाही, सरकार अडवतं’ ही भीतीही मी ऐकतो. वृक्षतोडीच्या 1964 च्या राज्य कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चिंच, अंजन आहेत. बाभूळ आणि हिवर त्यात नाहीत.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर तमिळनाडूतला कांगेयमचा मुलूख पाहावा. तिरुप्पूर, इरोड, करूर या जिल्ह्यांत पाऊस बेताचाच. तिथं शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीची कुरणं आहेत, त्यांना कोरंगाडू म्हणतात. भोवती किळुवै नावाच्या काटेरी झुडपाचं जिवंत कुंपण, आत आपल्या अंजन गवताच्या जातकुळीचं कोळुक्कट्टै गवत, आणि मधूनमधून वेल्वेल. हा वेल्वेल म्हणजे आपला हिवरच! कुरणाचे वाफे पाडून आळीपाळीनं चारतात. कांगेयमचे बैल त्याच रानांवर पोसले गेले. आपल्या खिल्लाराच्या वाट्याचा जो हिवर आपण सरपण म्हणून तोडला, त्यालाच त्यांनी कुरणाचा खांब मानलं.

आणि सावलीचं म्हणाल, तर गोठ्यावर पत्रा घालून त्याखाली पंखा लावणाऱ्यांना मी दोष देत नाही. संकरित गाईत थंड मुलखातल्या गाईंचं रक्त, तिला ऊन सोसत नाही. पण पंखा विजेच्या येण्याजाण्यावर फिरतो आणि तापलेला पत्रा संध्याकाळपर्यंत आग ओततो. हिवराखाली गाय धापा टाकत नाही.

यंदा पाळी घालताना आमच्या पडीत तीन रोपं सापडली, दोन बाभळीची, एक हिवराचं. कुळव वळवून घेतला. तिघांभोवती बोराट्या रोवल्या आहेत. गाईचं तोंड शेंड्याला पोचणार नाही इतकी ती वाढायला दोन-तीन पावसाळे जातील, तोवर बोराट्या दर वर्षी बदलाव्या लागतील.