गर्दीचे चित्र आणि अदृश्य घरमालक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या सचित्र साप्ताहिकांतून स्थलांतरितांच्या वस्त्यांची जी काष्ठचित्रे छापली जात, ती पाहताना हातगाड्या, टोपल्या, पायऱ्यांवर बसलेल्या बाया, त्यांच्या पायांशी घोटाळणारी पोरे आणि डोक्यावर वाळत घातलेले कपडे यांच्या दाटीने आपण इतके दिपून जातो, की या लोकांना असेच राहणे रुचत असावे, असा ग्रह करून घेऊन पान उलटतो. हा ग्रह पक्का करण्यापूर्वी त्या चित्राची उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

चित्रकाराचे रेखाटन लहान लहान ठोकळे बोल्टांनी आवळून केलेल्या कठीण लाकडाच्या फळीवर उतरवले जाई, ठोकळे सुटे करून निरनिराळ्या कारागिरांत वाटले जात, आणि कोरून झाल्यावर पुन्हा सांधले जात. जुना छाप न्याहाळला, तर एखाद्याच्या खांद्यावरून सरळ खाली उतरलेली सांध्याची बारीक पांढरी रेघ कित्येकदा सापडते. लाकूड जेथे कोरून काढावे तेथे पांढरे आणि जेथे शाबूत ठेवावे तेथे काळे उमटत असल्यामुळे, गल्लीत अंधार किती असावा याचा निवाडा सूर्याकडे नसे, तो कारखान्यातील हत्याराकडे असे.

छायाचित्र आल्यानेही हा पक्षपात संपला नाही. 1870 मध्ये डेन्मार्कहून आलेला, म्हणजे स्वतः स्थलांतरितच असलेला वार्ताहर जेकब रीस याने 1890 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात मलबेरी स्ट्रीटच्या इटालियन वस्तीची दैना मांडली, तेव्हा त्याची काही छायाचित्रे रेखाटनांच्या रूपानेच छापावी लागली. रीसने घरमालकांवर कोरडे ओढले हे खरे. पण ते मजकुरात. चित्रांत उभे राहिले ते भाडेकरूच.

वस्तुतः त्या गर्दीचे मूळ मालमत्तेच्या नकाशात होते. सुमारे 25 फूट रुंद आणि 100 फूट लांब अशा जमिनीच्या तुकड्यावर पाच-सहा मजले चढवून, आतल्या खोल्यांना खिडकीही न ठेवता, मजल्यागणिक अनेक बिऱ्हाडे कोंबली, म्हणजे भाड्याची वसुली चोख होते; मात्र उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी माणसांना रस्त्यावरच यावे लागते. नव्या इमारतींत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी, हा दंडक 1901 च्या कायद्याने घातला.

तोवर मलबेरी स्ट्रीटच्या वळणावरील मलबेरी बेंड या वस्तीचा निकाल लागून गेला होता. ती वस्ती पाडून 1897 मध्ये तेथे उद्यान झाले, आणि शहराच्या गृहनिर्माण संस्थेने बांधलेली पहिली घरे उभी राहायला 1935 साल उजाडले. गर्दीला शिक्षा तत्काळ आणि निवाऱ्याची तजवीज अडतीस वर्षांनी, हा न्याय ज्या चित्रांच्या साक्षीवर झाला, ती संग्रहालयांनी आणि पाठ्यपुस्तकांनी नुसती वर्णनाची ओळ लिहून दाखवू नयेत. त्यांच्याशेजारी खोलीचे माप, भाड्याची रक्कम आणि जागेच्या मालकाचे नाव छापावे. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करावे, हे वाचक स्वतःच ठरवील.