बॅटरी मेली नव्हती

पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्टीत माझ्या मामेभावाच्या कॅराव्हॅनचं बुकिंग होतं. तो घाटकोपरला राहतो, टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने देतो. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर त्याने कर्ज काढून एका गाडीत पलंग, छोटा फ्रीज, पंखे बसवून घेतले. टपावर सोलर पॅनेल, आत 150 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं म्हणून जूनच्या दहा तारखेला गाडी मुलुंडला एका मोकळ्या जागेत उभी केली. ऑगस्टमध्ये दार उघडलं तर दिवा लागेना, फ्रीज चालेना.

मेकॅनिक आला. चार्ज कंट्रोलरचा पडदा कोरा पाहून म्हणाला, कंट्रोलर गेला, बॅटरी मेली, दोन्ही नवीन घ्या, सोलरचं असंच असतं. मागच्या पावसाळ्यानंतरही हेच झालं होतं आणि तेव्हाची बॅटरी भंगारात गेली होती. या वेळी भावाने ठरवलं की खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापायचा, कारण गाडी त्याने लावली होती. हा ड्रायव्हर माझा जुना विद्यार्थी. त्याचा फोन आला, "मॅडम, मी तर सगळं बंद करूनच आलो होतो."

मी उर्दू आणि मराठी शिकवते, वायरिंग नाही. पण विज्ञानाच्या बाईंकडून मल्टिमीटर मागून आणला आणि रविवारी मुलुंडला गेले. भाऊ हसला, "आपा, आता तुम्ही मेकॅनिक?"

पाऊस उघडला होता. पॅनेलकडून कंट्रोलरला येणाऱ्या तारांवर मीटर लावला, 20 व्होल्ट. म्हणजे पॅनेल ठीक. बॅटरीच्या टोकांवर 11.9. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.7 च्या आसपास दाखवते, तेव्हा ही जवळजवळ रिकामी होती, पण मेलेली नव्हती. मग कंट्रोलरवर जिथे बॅटरीच्या तारा येतात तिथे पाहिलं, तर शून्य. एका टोकाला 11.9 आणि त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला शून्य, म्हणजे मधे काहीतरी तुटलंय. तार हाताने चाचपत गेलो तर पलंगाखाली एक लाल खटका, बंद. वर इंग्रजीत स्टिकर: गाडी उभी ठेवताना बंद करा.

पोराने तेच केलं होतं. पण जोडणी अशी होती की त्या खटक्याच्या एका बाजूला एकटी बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला दिवे, पंखे, फ्रीज आणि कंट्रोलरसुद्धा. खटका पाडला की खर्च थांबतो, तशी पॅनेलमधून येणारी आवकही थांबते. मग बॅटरी उतरली कशी? चोरीच्या भीतीने भावाने जीपीएस ट्रॅकर थेट बॅटरीवर जोडला होता. तो 50 मिलिअँपिअर खातो. क्षुल्लक वाटतं, पण दिवसाला 1.2 अँपिअर-अवर आणि 65 दिवसांत 78, म्हणजे निम्म्याहून जास्त बॅटरी. थोडी तर बॅटरी नुसती पडूनही उतरतेच. खटका चालू राहिला असता तर जुलैच्या ढगाळ उजेडातही पॅनेलने एवढं सहज भरून काढलं असतं.

खटका चालू केला, कंट्रोलरचा पडदा उजळला. मेकॅनिक तोवर निघून गेला होता.

आता माझा मुद्दा. या पोराने नववीत धाराविद्युतचा धडा शिकला होता. 'बर्की दौर' त्याने वहीत सुबक काढलेला मला आठवतो. मराठी पुस्तकातला 'विद्युत परिपथ' आणि 'कळ' तीच. पण ती कळ पलंगाखाली लाल खटका होऊन बसली तेव्हा ना त्याने ओळखली ना माझ्या भावाने, कारण शाळेत तिच्यावर आम्ही फक्त मार्क दिले, मीटर हातात दिला नाही. आणि माहितीपुस्तिका? चाळीस पानं, सगळी इंग्रजीत. गाडी विकत घेणारा इंग्रजी वाचत असेल, गाडी उभी करणारा वाचत नाही. नुकसान मात्र त्याच्या पगारातून.

सोलर फसवं नाही. इथून जवळच पवईच्या आयआयटीतून पुढे आलेले प्रा. चेतनसिंह सोलंकी 2020 पासून सौर बसमध्ये राहून देशभर फिरताहेत. त्याआधी आयआयटीच्या सौरदिव्यांच्या प्रकल्पात शाळकरी मुलांचे दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला गावातल्याच लोकांना शिकवलं गेलं. मला त्यातली ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. पॅनेल विकणाऱ्याने एक पान मराठीत, एक हिंदी-उर्दूत द्यावं, यात कसला मोठा खर्च आहे?

बॅटरी दुकानात रात्रभर सावकाश चार्ज करून घेतली. दुसऱ्या दिवशी 12.6 दाखवत होती. पूर्वीइतका वेळ चालत नाही. लेड-ॲसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं, ते सगळं सुटत नाही. बुकिंग पार पडलं, पगार कापला गेला नाही. मागच्या वर्षी भंगारात दिलेल्या बॅटरीचा विषय निघाला की भाऊ अजून गप्प होतो.

खटक्यावर चिकटवायला मी दोन्ही लिपींत कागद लिहिला. 'वाहन दीर्घकाळ स्थिर असताना मुख्य कळ विलग करू नये.' पोराने वाचला आणि म्हणाला, "मॅडम, 'गाडी उभी असली तरी हा लाल खटका चालूच ठेवा, झाडाखाली लावू नका' असं लिहा ना." मी कागद फाडून पुन्हा लिहिला.