आई तिथं 'पाहुणी' का?

मैत्रिणींनो, 'लातूर पॅटर्न'चं कौतुक आपण खूप ऐकलं. पण बारावीच्या पोरासाठी लातुरात, नांदेडात खोली भाड्यानं घेऊन दोन-दोन वर्षं स्वयंपाक करणाऱ्या आयांचं नाव त्यात कुठं नसतं. त्यातली काही पोरं अमेरिकेत गेली. आता त्याच आयांना बोलावणं येतं : 'एकटी काय करतेस तिकडं? घर विक, कायमचीच ये.'

मायेनंच म्हणतात, शंका नाही. पण व्हिसा माया ओळखत नाही. पर्यटक व्हिसावर आईला अमेरिकेत एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. कायम राहायला ग्रीन कार्ड हवं, आणि आईसाठी तो अर्ज २१ वर्षांवरचं, तिथलं नागरिक झालेलं मूलच करू शकतं. मुलाकडे नुसतं ग्रीन कार्ड असून भागत नाही. नोकरीवर गेलेले हजारो भारतीय त्या ग्रीन कार्डाच्याच रांगेत वर्षानुवर्षं उभे आहेत. तोवर आई पाहुणी. पाहुणीला नोकरी करायची बंदी; पण सुनेचं बाळंतपण, नातवंडं, चार जणांचा स्वयंपाक? त्याला काम कोण म्हणतं! (इथं तरी कोण म्हणतं?)

ब्रिटननं तर २०१२ पासून दार जवळजवळ लावूनच घेतलं. अंघोळ-जेवणालाही आईला दुसऱ्याचा हात लागतो आणि ती मदत भारतात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. कॅनडाच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका वेळी ५ वर्षं राहता येतं. मात्र किमान १ लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. विम्याचा हप्ता भरणार मुलगा, म्हणजे आईचं दुखणं-खुपणंही त्याच्या मर्जीवर.

एक गोष्ट आयांना सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत आईच्या ग्रीन कार्डासाठी मूल तिला सांभाळण्याची लेखी हमी देतं. ती मोडली तर आई तिथल्या कोर्टात दाद मागू शकते.

माझं मत स्पष्ट आहे : जा, नातवंडं खेळवा, पण घर विकू नका. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'त बाईच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितलं. एवढ्या खटपटीनं नावावर आलेल्या दोन खोल्या विमानाच्या तिकिटासोबत सोडायच्या? आमच्या बैठकीत एका विधवा बाईनं विचारलं, "परत यायचं झालं तर उतरू कुठं?" मुलाला घर द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं, ती मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन व्यवहार रद्द करून घेता येतो.

पासपोर्ट आपल्याच पिशवीत ठेवा. कुटुंब निवृत्तिवेतनाचं खातं एकटीच्या नावे असू द्या, आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला परदेशातून कसा द्यायचा ते निघण्याआधीच बँकेत विचारा. ज्यांची जायची तयारी चालू आहे त्यांनी पुढच्या बैठकीला घराचे कागद घेऊन यावं. एकत्र बसून वाचू.