विश्लेषण : रक्त परतताच त्वचा का दगावते? संप्रेरके तिला वाचवतील का?

तोंडाच्या कर्करोगात गालाचा किंवा जबड्याचा भाग काढावा लागला, की शल्यविशारद रुग्णाच्याच मनगटाची किंवा मांडीची त्वचा आतील चरबी व रक्तवाहिन्यांसह उचलून तिथे बसवतात. याला ‘फ्लॅप’ म्हणतात. तो जगला तर रुग्णाला गिळणे-बोलणे सोपे जाते. काळा पडला तर पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुढचे रेडिएशन लांबणीवर. म्हणून फ्लॅप वाचवणाऱ्या संप्रेरकांवरील संशोधनाकडे आपण गांभीर्याने पाहायला हवे.

रक्त परतल्याने इजा कशी होते?

ब्रिटिश फौजेसाठी बैल हाकणाऱ्या कावसजीचे कापलेले नाक पुण्यात कपाळाच्या त्वचेतून घडवले गेले. त्याची हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने छापली. त्या पद्धतीत त्वचेचा देठ शाबूत ठेवत, त्यामुळे रक्तप्रवाह तुटत नसे. आजच्या ‘फ्री फ्लॅप’मध्ये रक्तवाहिन्या पूर्ण कापून सूक्ष्मदर्शकाखाली नव्या जागी जोडतात. मधल्या काळात पेशींची ऊर्जा संपते, टाकाऊ द्रव्ये साचतात. रक्त परतताच त्यासोबत येणाऱ्या ऑक्सिजनपासून ‘फ्री रॅडिकल्स’ हे घातक रेणू तयार होतात. पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, केशवाहिन्या सुजून बंद होतात. कोरड्या पाटात एकदम पाणी सोडले की काठ ढासळावेत, तसे हे घडते.

संप्रेरके काय करतात?

उंदरांवरील प्रयोगांत काही संप्रेरकांनी फ्लॅपचा अधिक भाग जगवला आहे. झोपेशी निगडित मेलाटोनिन फ्री रॅडिकल्स निष्प्रभ करते. १९५८ मध्ये ते वेगळे करणारे एरन लर्नर हे त्वचारोगतज्ज्ञच होते. इस्ट्रोजेन वाहिन्यांच्या भिंतीत नायट्रिक ऑक्साइड वाढवून त्या रुंद ठेवते. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन पेशी मरण्याची प्रक्रिया रोखते आणि नव्या वाहिन्या फुटायला मदत करते.

मग ती आजच का वापरू नयेत?

कारण धोकाही तिथेच आहे. एरिथ्रोपोएटिनमुळे रक्त घट्ट होऊ शकते, इस्ट्रोजेनमुळे गुठळीची शक्यता वाढते आणि फ्लॅपचा सर्वांत मोठा शत्रू गुठळीच. शिवाय उंदराची त्वचा सैल असते, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर असतो. माणसाची तशी नसते. उंदरात यश मिळाले म्हणजे माणसात मिळेलच, असे नाही.

तरीही चाचण्या का हव्यात?

अनुभवी केंद्रांत फ्री फ्लॅप सुमारे ९५ टक्के वेळा यशस्वी होतात, मग एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेता येईल. पण उरलेल्या पाचांतल्या रुग्णासाठी अपयश पूर्णच असते. फ्लॅपचा थोडा भाग गेला तरी जखम महिनोन्‌महिने चिघळू शकते. यशाचे प्रमाण आधीच जास्त असल्याने औषधाचा फायदा सिद्ध करायला शेकडो रुग्णांची चाचणी लागेल. मेलाटोनिन जुने, स्वस्त आणि मूळ रेणूवर पेटंट नसलेले. त्यावर एवढा खर्च करण्यात औषध कंपन्यांना काय रस असणार?

म्हणूनच ही जबाबदारी सार्वजनिक संस्थांची आहे. तंबाखूमुळे मुखकर्करोगाचे रुग्ण भारतात मोठ्या संख्येने आहेत. टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया नित्याच्या आहेत. त्या नियोजित असल्याने औषध रक्त थांबण्याआधीच देता येईल. अपघातात ती सोय नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढाकार घेऊन अनेक केंद्रांची मिळून चाचणी हाती घ्यावी आणि सुरुवात तुलनेने सुरक्षित मेलाटोनिनपासून करावी.

रुग्णांनी तोवर काय करावे?

मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. कोणतीही संप्रेरके सुरू असतील, अगदी गर्भनिरोधक गोळ्याही, तर शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावे. तंबाखू व सिगारेट आधीच सोडावी, कारण निकोटिनने वाहिन्या आकसतात. फ्लॅपचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असतात. त्वचा निळसर, पांढरी किंवा थंड वाटली तर रात्री दोन वाजताही परिचारिकेला उठवावे. उशीर झाला तर फ्लॅप हातचा जाऊ शकतो.