घाटरस्त्याचा सराव, पण कोणत्या गाडीवर?

खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग जातो आणि कर्जत हे मध्य रेल्वेवरील महत्त्वाचे जंक्शन आहे. तरीही येथील वाड्यावस्त्यांतील अपंग व्यक्तीला स्थानक गाठण्यासाठी रिक्षाची किंवा दुसऱ्याच्या दुचाकीची वाट पाहावी लागते. बाजूला जादा चाके बसवलेली स्कूटर असली, तरी द्रुतगती महामार्गावर दुचाकी व तीनचाकींना बंदी आहे. त्यामुळे मोटार चालवता येणे हा हौसेचा नव्हे, रोजगाराचा प्रश्न ठरतो.

कायद्याची अडचण बरीच कमी झाली आहे. अपंग व्यक्तीच्या गरजेनुसार फेरफार केलेल्या वाहनाला 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात स्पष्ट स्थान मिळाले. प्रश्न उरतो तो शिकण्याचा. 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर, म्हणजे आभासी रस्त्यावर वाहन चालवण्याचा सराव देणारे यंत्र, आवश्यक आहे. हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम 29 तासांचा असून तो पूर्ण करून उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते. मात्र ब्रेक पायानेच दाबायचा असेल, तर पायाने अधू असलेल्या शिकाऊ चालकाला हे यंत्र निरुपयोगीच.

या तंत्राची उपयुक्तता केवळ कल्पनेतली नाही. बेल्जियममध्ये पक्षाघातातून सावरणाऱ्या 83 रुग्णांवर केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरवर सराव केलेल्यांपैकी 73 टक्के रुग्ण पुन्हा वाहन चालवण्यास पात्र ठरले, तर इतर उपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण 42 टक्के होते.

बोरघाटाच्या पायथ्याशी तर या सरावाची गरज अधिकच जाणवते. हाताने चालणाऱ्या यंत्रणेत एक हात ब्रेक-अॅक्सिलरेटरच्या दांड्यावर, तर दुसरा स्टिअरिंगवर असतो. पावसात, धुक्यात, उतारावर त्याच हातांनी वायपर, दिवे आणि हॉर्नही सांभाळावे लागतात. ही कसरत प्रथमच अवजड वाहनांच्या रांगेत करण्यापेक्षा आधी पडद्यासमोर चुकत शिकलेली बरी.

अर्थात सिम्युलेटरवर काहींना मळमळते, शिवाय खऱ्या रस्त्याला तो पर्याय नाही. म्हणूनच त्याला हस्तनियंत्रणे जोडणे आणि पुढील सरावासाठी तशीच मोटार उपलब्ध करणे, या दोन्ही गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. राज्यात डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. त्याने परिवहन विभागाशी समन्वय साधून निदान ही सोय केली, तर कागदावरील हक्क रस्त्यावर उतरेल.