शस्त्रक्रिया एका दिवसाची, पहारा जन्माचा

फुप्फुस-प्रत्यारोपणाची एखादी शस्त्रक्रिया यशस्वी झाली की वृत्तपत्रांत तिचा मोठा गौरव होतो. मोकळ्या केलेल्या रस्त्यांवरून धावलेली रुग्णवाहिका, विमानाने आलेले फुप्फुस, रात्रभर उभे राहिलेले डॉक्टर यांची वर्णने वाचून वाचक थक्क होतो. हा गौरव अस्थानी नाही. परंतु रुग्ण घरी परतल्यावर काय होते, याविषयी ही वृत्ते बहुधा मौन पाळतात. खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जनतेचा या विषयाशी असलेला संबंधही तेथेच उलगडतो.

माणसातील पहिले फुप्फुस-प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढील वीस वर्षांतील प्रयत्न बहुतेक फसले. दीर्घकाळ टिकणारे पहिले यश १९८३ साली टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांच्या पथकास लाभले. मधल्या अपयशांमागे शरीराने परके फुप्फुस नाकारणे हे एक कारण होतेच. पण श्वासनलिकेचा सांधा उकलणे आणि जंतुसंसर्ग ही कारणेही तितकीच घातक ठरली.

ती आजही पुरती नाहीशी झालेली नाहीत. हृदय वा मूत्रपिंड शरीरात बंदिस्त असते. फुप्फुस मात्र प्रत्येक श्वासागणिक बाहेरच्या हवेला सामोरे जाते. परके इंद्रिय नाकारले जाऊ नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी जन्मभर दाबून ठेवावी लागते. नसा तुटल्यामुळे सांध्याखाली खोकल्याची संवेदना मंदावते आणि कफ साचतो. श्वासनलिकेचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बहुधा पुन्हा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे सांध्याची जागा पहिले काही आठवडे अपुऱ्या रक्तावर तग धरते. तेथील पेशी मेल्या की स्यूडोमोनास, स्टॅफिलोकोकस यांसारखे जिवाणू आणि बुरशी ठाण मांडतात. सांधा कधी उकलतो, कधी आकसतो. मग दुर्बिणीने पाहून तो फुग्याने रुंदावा लागतो किंवा आत नळी बसवावी लागते. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण आजही निम्म्याहून थोडेच अधिक आहे.

तात्पर्य, शस्त्रक्रिया एका दिवसाची असते आणि पहारा जन्माचा. ताप चढताच तपासणी, योग्य प्रतिजैविक, न चुकता मिळणारी महागडी औषधे आणि स्वच्छ हवा ही त्या पहाऱ्याची चार अंगे होत. बेल्जियममधील लूव्हेन येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या रहदारीच्या रस्त्यांलगत राहणाऱ्या प्रत्यारोपित रुग्णांत जुनाट अस्वीकार आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक आढळले. युरोपातील रस्त्यालगतची हवा जर नव्या फुप्फुसाला सोसत नसेल, तर चंद्रपूरची हवा कशी सोसेल?

कोळसाखाणी, सिमेंटचे कारखाने आणि २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र ज्या परिसरात एकवटले आहे, त्या चंद्रपूरला २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चौथे स्थान दिले होते. कोळशाच्या आणि सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे कठीण होत जातात, सिलिकामुळे क्षयाचा धोका वाढतो, आणि अखेरच्या अवस्थेत वैद्यकशास्त्रापाशी प्रत्यारोपणाखेरीज फारसा उपाय उरत नाही. पण प्रत्यारोपणाची केंद्रे चेन्नई, हैदराबाद, मुंबई अशा महानगरांत आहेत आणि त्यांचा खर्च लाखोंच्या घरात आहे. कंत्राटी खाणकामगाराला तो कोठून झेपणार? आणि समजा झेपला, तरी नवे फुप्फुस घेऊन त्याने परतायचे ते त्याच धुळीत!

यावर कोणी म्हणेल की, मग ही श्रीमंतांची चैन आहे. गरिबांच्या चळवळीने तिचा विचार कशाला करावा? हा युक्तिवाद फसवा आहे. ज्ञान श्रीमंतांचे नसते. त्याच्या वाटपावर मक्तेदारी असते. शिवाय जिवाणूंवर पहारा ठेवण्याचे काम केवळ पंचतारांकित इस्पितळातच होते, हा समज याच भूमीने खोटा ठरविला आहे.

चंद्रपूरमधून १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर प्रयोग केला. गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे व को-ट्रायमॉक्सॅझोल देण्याचे शिक्षण देण्यात आले. निरक्षर सुईणींसाठी मण्यांवर श्वास मोजण्याचे साधे साधन तयार झाले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत : ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या ४४ गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. उपचार मिळालेल्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के होते. तत्त्व तेच : धोक्याची खूण लवकर ओळखणे, औषध वेळेवर देणे आणि पुन्हा जाऊन पाहणे. फरक इतकाच की, येथे पहारेकरी रुग्णाच्या शेजारीच राहत होता.

याच जिल्ह्यातील नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा अनुभव पुढे २०११ पासून देशभरच्या आशा सेविकांच्या कामाचा भाग झाला. परंतु ज्यांच्या पायांवर ही व्यवस्था उभी आहे, त्या आशांना शासन कर्मचारी मानीत नाही. मानधनावर राबणाऱ्या ‘स्वयंसेविका’ म्हणते. पहारा हवा, पण पहारेकऱ्याला वेतन नको, हा कोणता न्याय?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. खाणीतील कायम व कंत्राटी अशा प्रत्येक कामगाराच्या फुप्फुसांची नियमित तपासणी व्हावी आणि ती काम सुटल्यावरही चालू राहावी. धुळीने जडलेल्या रोगाची भरपाई कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्याविना मिळावी. खाणी, कारखाने व वीजकेंद्र यांच्या धुळीचे मोजमाप गावोगावी फलकावर लागावे. आशांना कर्मचाऱ्यांचा दर्जा आणि उपकेंद्रांत प्रतिजैविकांचा अखंड पुरवठा मिळावा. प्रत्यारोपण सार्वजनिक रुग्णालयात व्हावे आणि त्यानंतरची औषधे जन्मभर शासनाने द्यावीत.

यांतील पहिल्या चार गोष्टी झाल्या, तर पाचवीची गरज पुष्कळांना भासणारच नाही. दुसऱ्याचे फुप्फुस मिळवून देणे हा विज्ञानाचा विजय खराच; पण कामगाराचे स्वतःचे फुप्फुस शाबूत ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि ते कोणत्याही शल्यविशारदावर ढकलता येणार नाही.